बॉक्स चालू आहे तोवर

फायरवॉलवरचे दिवे हिरवे आहेत, काउंटरवरची रांग पुढे सरकते आहे, कोणाची तक्रार नाही. आणि त्याच वेळी त्या यंत्राच्या लॉगमध्ये कर्नल लिहून ठेवतो आहे: प्रोसेसरचं तापमान मर्यादेबाहेर गेलं, वेग कमी केला. किंवा, डिस्कचा अमुक भाग वाचता आला नाही. किंवा, नेटवर्क पोर्टने ठरल्या वेळात माहिती पुढे पाठवली नाही, पोर्ट पुन्हा सुरू करत आहे. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराईच्या पतसंस्थांत, महाविद्यालयांत, खासगी रुग्णालयांत, साखर कारखान्यांच्या कार्यालयांत असे बॉक्स भिंतीवरच्या रॅकमध्ये बसवलेले असतात. यंत्र स्वतःच्या बिघाडाची नोंद करू लागलं, पण काम अडलेलं नाही, अशा वेळी ते बदलायचं की चालू द्यायचं? प्रश्न तंत्रज्ञाचा वाटतो. प्रत्यक्षात तो संचालक मंडळासमोर, प्राचार्यांसमोर, लेखापालासमोर येतो, कारण बदलायला पैसे लागतात आणि न बदलण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते.

आधी हे संदेश म्हणजे काय ते पाहू. कर्नल हा संचालन प्रणालीचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्याशी थेट व्यवहार करणारा भाग तोच. बाजारातल्या बऱ्याच फायरवॉलच्या आत लिनक्स किंवा फ्रीबीएसडी यांचाच कर्नल असतो. वरचा रंगीत डॅशबोर्ड तेवढा कंपनीचा. लिनक्सचा कर्नल प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी पायरी देतो. ० म्हणजे यंत्र वापरण्याजोगं उरलं नाही, ७ म्हणजे केवळ तपासणाऱ्याच्या कामाची माहिती. पण पायरी पाहून निकाल लावता येत नाही. प्रोसेसरने मशीन चेकची चूक नोंदवली की लिनक्सवरचं एमसीईलॉग हे जुनं साधन ठणकावून सांगत असे की हा सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही, हार्डवेअर विकणाऱ्याला गाठा. उलट, एनएमआय नावाचा टाळता न येणारा तातडीचा इशारा आला आणि त्याचं कारण कळलं नाही, की कर्नल सरळ लिहितो की मी गोंधळलो आहे, तरी पुढे चालायचा प्रयत्न करतो. खात्री आणि संभ्रम दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. संदेश ही साक्ष आहे. साक्षीदाराने काय पाहिलं एवढंच तो सांगतो, दोष कोणाचा हे ठरवायला आणखी पुरावा गोळा करावा लागतो.

लगेच बदला म्हणणाऱ्यांची बाजू आधी घेतो. संस्थेचं जाळं आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या सीमेवर लहान ठिकाणी हे एकच यंत्र असतं, त्याला जोडीदार नसतो. बिघडत चाललेलं यंत्र कधी थांबेल हे सांगता येत नाही आणि थांबण्यापूर्वी काय चुकीचं लिहून ठेवेल हेही सांगता येत नाही. अनेक लहान फायरवॉलमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी नसते. तिथे मेमरी बिघडली तर कर्नलला ते थेट कळत नाही. आज एक प्रक्रिया कोसळते, उद्या दुसरीच, परवा यंत्र आपोआप बंद होऊन चालू होतं. जाणकार अशा वेळी एक साधी गोष्ट तपासतात. कोसळणं दर वेळी त्याच जागी, त्याच प्रक्रियेत होत असेल तर संशय सॉफ्टवेअरवर जातो. दर वेळी नवी जागा, नवा पत्ता असेल तर मेमरी किंवा वीजपुरवठ्यावर.

पण या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा माणसांच्या वागण्यातून येतो. भर दुपारी फायरवॉल बंद पडते. समोर खातेदार उभे असतात, शाखांमधून फोन येत असतात, आणि हार्डवेअरवाला विचारतो, “साहेब, तात्पुरतं डायरेक्ट लावून देऊ का?” साहेब हो म्हणतात. त्या क्षणी दुसरं काही सुचणं अवघडच असतं. इंटरनेट कंपनीच्या राउटरमधून आलेली वायर फायरवॉल वगळून सरळ स्विचमध्ये जाते, नेट सुरू होतं, सगळे सुटकेचा श्वास घेतात. पण शाखांना मुख्य कार्यालयाशी जोडणारा व्हीपीएन त्याच बॉक्सवर चालत होता. तो गेला, म्हणून कोणीतरी सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडून ठेवतं. सीसीटीव्हीसाठी आणखी एक पोर्ट उघडला जातो. आणि हे तात्पुरतं लांबत जातं, कारण नेट चालू असल्यावर कोणालाच घाई उरत नाही. बंद पडलेल्या बॉक्सने फक्त काम थांबवलं असतं. खरं नुकसान पुढच्या आठवड्यात, उघड्या पोर्टमधून होऊ शकतं.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी ९४ कोटी ४२ लाख रुपये लांबवले गेले. तो हल्ला मालवेअरचा होता, हार्डवेअरच्या बिघाडाशी त्याचा संबंध नव्हता. तरी सहकारातल्या पैशावर कोणाचा डोळा आहे हे त्यातून महाराष्ट्राला कळलं. त्यानंतर १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेची डिजिटल व्याप्ती पाहून चार स्तरांत विभागलेली सविस्तर चौकट आली. बीडसारख्या जिल्ह्यात ठेवी गोळा करणाऱ्या पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कक्षेत येतात. रिझर्व्ह बँकेची ही चौकट त्यांना लागू होत नाही. म्हणजे फायरवॉलच्या लॉगमध्ये काय आलं आहे हे विचारायला बाहेरून कोणी येईलच असं नाही.

आता दुसरी बाजू. चालू द्या म्हणणारे सगळे कंजूष किंवा निष्काळजी नसतात. त्यांच्या हातात चांगला पुरावा आहे. गूगलच्या यंत्रांवरचा अडीच वर्षांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर त्याच्या एक लेखिका. वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत मेमरीची किमान एक तरी दुरुस्त करता येणारी चूक नोंदली गेली होती. म्हणजे अशी एखादी नोंद दिसली म्हणून यंत्र काढून टाकायचं ठरवलं, तर दर तीन यंत्रांतलं एक दरवर्षी भंगारात जाईल. पीसीआय एक्स्प्रेस या आतल्या जोडणीवरच्या दुरुस्त झालेल्या चुकांचंही तसंच. कर्नल त्या लिहितो, कारण लिहिणं त्याचं काम आहे. एकदा आलेली नोंद आणि दर तासाला वाढत जाणारी नोंद यांत मोठा फरक आहे, आणि तो फरक तारखेनिशी मांडलेला लॉग पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की ज्या मेमरी पट्टीत दुरुस्त होणाऱ्या चुका दिसतात, तिच्यात पुढे दुरुस्त न होणारी चूक येण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. चालू द्या म्हणणाऱ्यांनी हा दुसरा भागही वाचायला हवा.

बदलण्यातही धोका आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. नव्या बॉक्सवर जुने नियम चढवताना एक ओळ चुकते आणि जे बंद असायला हवं ते उघडं राहतं. लायसन्स यंत्राच्या सीरियल नंबरला बांधलेलं असतं, ते हलवायला कंपनीचा होकार लागतो. आणि बिघाडाचं मूळ बॉक्सबाहेर असेल, तर नवा बॉक्सही काही महिन्यांत त्याच ओळी लिहू लागतो.

बीड जिल्ह्यात हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. लहान फायरवॉलच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात बीडचा पारा ४० च्या पुढे जातो, आणि तोही सावलीतला, हवामान खात्याच्या पेटीतला. जिन्याखालच्या किंवा पत्र्याखालच्या बंद खोलीत, यूपीएसच्या शेजारी, रॅकमध्ये त्याहून जास्त. पंख्याच्या जाळीवर काळ्या मातीची बारीक धूळ बसलेली. अशा वेळी कर्नल तापमानाबद्दल लिहितो ते खरंच असतं, पण त्यावरचा उपाय नवा बॉक्स नाही. जाळी साफ करणं, रॅक हलवणं, यूपीएस वेगळा ठेवणं हा आहे. वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं. तेव्हा रॅक जिन्याखालून हवेशीर खोलीत नेण्याने जे मिळतं ते कोणत्याही महागड्या मॉडेलने मिळत नाही. गूगलच्या डिस्क आणि मेमरीवरच्या अभ्यासांत तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला, असा दाखला काही जण देतात. ते अभ्यास आटोक्यात ठेवलेल्या तापमानातल्या डेटा सेंटरचे होते. केजमधल्या पत्र्याखालच्या खोलीला ते लागू करता येणार नाहीत.

अर्थिंगचं तर विचारूच नका. जमिनीची विद्युतवाहकता ओलाव्यावर अवलंबून असते. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थच्या सळईपासून सुटते, आणि ज्या गावात माणसांना टँकरने पाणी येतं तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची आठवण कोणाला असणार? न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावं असा कामातला दंडक आहे. मल्टीमीटर लावून ते पाहायला पाच मिनिटं लागतात. लिंक पडते-उठते, पोर्ट पुन्हा पुन्हा सुरू होतो, असे संदेश दिसले की पॅच कॉर्ड बदलून पाहावी, दुसरा पोर्ट वापरून पाहावा, आणि मग हे पाच मिनिटांचं मोजमाप करावं. वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेलेली तांब्याची नेटवर्क केबल ती विजेची लाट थेट स्विचमध्ये आणि तिथून फायरवॉलच्या पोर्टमध्ये आणू शकते. कारखान्याचा वजनकाटा आणि कार्यालय, किंवा महाविद्यालयाची जुनी आणि नवी इमारत, यांच्यामध्ये फायबर टाकली तर हा मार्गच बंद होतो. जे पोर्ट दर जूनमध्ये जातात त्यांचा दोष कंपनीच्या माथी मारण्याआधी ही केबल पाहावी.

म्हणून, माझ्या मते, सगळ्या संदेशांना एकच उत्तर देण्याचा हट्ट दोन्ही बाजूंनी सोडायला हवा. तापमानाचा संदेश खोलीकडे बोट दाखवतो. पोर्टचा संदेश आधी वायरीकडे, अर्थिंगकडे, मग ड्रायव्हरकडे आणि शेवटी कार्डाकडे. मेमरीच्या दुरुस्त झालेल्या चुका मोजत राहाव्यात आणि आकडा वाढू लागला की बदलीची तयारी करावी.

डिस्कचा संदेश मात्र वेगळा. तिथे थांबू नये. गूगलच्याच एक लाखाहून अधिक डिस्कवरच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं की स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क निकामी होण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्या फिरत्या डिस्क होत्या. फायरवॉलमध्ये आता बहुधा फ्लॅश मेमरी असते, आणि ती लिहून लिहून झिजते. रात्रंदिवस स्वतःच्या फ्लॅशवर लॉग लिहिणारी फायरवॉल स्वतःचंच आयुष्य खर्च करत असते. वाचता आलं नाही, लिहिता आलं नाही, आणि मग फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरती ठेवली, अशा ओळी एकामागून एक आल्या तर तो बॉक्स मेमरीत आधीच चढलेल्या प्रतीवर चालतो आहे असं समजावं. तो आत्ता चालतो. बंद केल्यावर पुन्हा उठेलच याची खात्री नाही.

आणि इथेच आपली सर्वांत रुळलेली सवय आड येते. काही बिघडलं की पहिला उपाय रिस्टार्ट. त्याने दोन गोष्टी होतात. कर्नलचे संदेश मेमरीतल्या एका मर्यादित जागेत ठेवलेले असतात, नवे आले की जुने पुसले जातात आणि यंत्र बंद झालं की सगळेच जातात; ते आधी दुसरीकडे लिहून घेतले नसतील तर पुरावा संपला. दुसरं, डिस्क मरणपंथाला असेल तर तोच रिस्टार्ट शेवटचा ठरू शकतो. लॉग उतरवणं, कॉन्फिगरेशनचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर काढणं, आणि मगच स्विचला हात लावणं, या क्रमासाठी कोणत्याही पदवीची गरज नाही. एका पानावर लिहून रॅकच्या दारावर चिकटवलं तरी पुरे.

लॉग कुठे ठेवायचा याचं उत्तर कायद्यातही आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत, आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळाची अट किरकोळ वाटते. पण बॉक्सच्या आतला सीआर २०३२ सेल संपला आणि लाइट गेली, की यंत्र जुन्याच एखाद्या तारखेला जागं होतं आणि त्या रात्रीचा सगळा लॉग निरुपयोगी ठरतो. एखादा जुना संगणक सिस्लॉग सर्व्हर म्हणून बाजूला ठेवला आणि फायरवॉलचे संदेश त्याच्याकडे पाठवले, तर निर्देशही पाळले जातात, फ्लॅशची झीजही कमी होते आणि पुरावाही टिकतो. कर्नलचे संदेश नेहमीच्या लॉगसोबत जातात की वेगळ्या फाइलमध्ये अडकून राहतात, एवढं मात्र आधी तपासून घ्यावं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जिल्ह्यातल्या माणसाने हे संदेश वाचायचेच कशाला? सपोर्टचे पैसे भरलेले आहेत, कंपनीचे जाणकार दुरून यंत्रात शिरून पाहू शकतात, आणि अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय घातक ठरतो. आक्षेप खरा आहे. अनेक कंपन्या ग्राहकाला कर्नलपर्यंत पोचूच देत नाहीत, आणि त्यामागे रास्त कारण आहे: ग्राहकाला उघडा असलेला दरवाजा हल्लेखोरालाही उघडा असतो. तरीही दुरून पाहणाऱ्याला खोलीतली उष्णता जाणवत नाही, न्यूट्रलचं व्होल्टेज दिसत नाही. आणि कर्नल पूर्ण कोसळतो तेव्हा त्याचे शेवटचे शब्द नेटवर्कवरून बहुधा कुठेच पोचत नाहीत. ते बहुतेक वेळा फक्त सीरियल कन्सोलवर, म्हणजे बॉक्सच्या मागच्या त्या निळ्या केबलच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या लॅपटॉपवर दिसतात. ती केबल खोक्याबरोबर येते आणि खोक्याबरोबरच अडगळीत जाते. ९६०० किंवा १,१५,२०० बॉडचा वेग लावून कन्सोल उघडणारा एक माणूस तालुक्याच्या गावी असला, तर कंपनीच्या जाणकाराचं काम निम्मं होतं.

अशी माणसं तयार होणं अवघड नाही. बीड आणि अंबाजोगाईला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. मुदत संपलेला एखादा फायरवॉल बॉक्स तिथल्या प्रयोगशाळेत दिला, त्याचा पंखा मुद्दाम अडवून तापमानाचा संदेश कसा येतो हे दाखवलं, केबल ढिली करून लिंक पडताना पाहिली, तर दोन तासांत मुलं जे शिकतील ते पुस्तकातून वर्षात येणार नाही. पुण्यात क्विक हील उभी करणारे कैलास काटकर कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीतून पुढे आले. दुरुस्ती करणाऱ्या हातांना कमी लेखायचं कारण नाही.

दुरून मिळणाऱ्या मदतीला अंतराचीही मर्यादा आहे. वॉरंटीत दुसऱ्या दिवशी बदली यंत्र असं लिहिलेलं असतं. छत्रपती संभाजीनगर इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पुणे सव्वादोनशे-अडीचशे. परळीच्या पलीकडच्या गावात ते दुसऱ्या दिवशी पोचेल का, याची लेखी हमी खरेदीच्या वेळी मागावी. मिळाली नाही तर तो दिवस हिशेबात धरू नये.

आणि वेळेवर बदली मिळाली तरी सगळे बिघाड संदेश देऊनच येतात असं नाही. इंटेलच्या ॲटम सी २००० मालिकेच्या प्रोसेसरमध्ये घड्याळाच्या संकेताचा एक भाग काळानुसार निकामी होतो, असं २०१७ च्या सुरुवातीला उघड झालं. सिस्कोने त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या काही फायरवॉल आणि राउटरची यादी जाहीर केली. साधारण १८ महिने चालल्यानंतर असं यंत्र अचानक बंद पडून पुन्हा कधीच सुरू न होण्याची शक्यता होती. आधी काही कळवणारा संदेश नव्हता. सिस्कोने बदली यंत्रं देऊ केली ती १६ नोव्हेंबर २०१६ रोजी वॉरंटीत किंवा चालू सेवाकरारात असलेल्या ग्राहकांना. करार संपू दिलेल्या लहान संस्था त्यात बसत नव्हत्या. गूगलच्या डिस्कच्या अभ्यासातही निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी चार मुख्य सूचकांपैकी एकाचाही इशारा आधी दिला नव्हता. लॉग स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला यात उत्तर आहे. आणि संदेश आल्यावरच पैसे काढू म्हणणाऱ्यालाही.

त्यामुळे पैसे कुठे घालायचे हा प्रश्न बॉक्स बदलण्यापेक्षा राखीव बॉक्स ठेवण्याकडे वळतो, आणि तिथेही पर्याय सरळ नाहीत. दोन सारखे बॉक्स जोडीने चालवणं सर्वांत चांगलं; एक पडला की दुसरा काम उचलतो. ते लहान पतसंस्थेला झेपत नाही. तालुक्यातल्या पाच-सहा संस्थांनी मिळून एक राखीव बॉक्स ठेवावा, ही कल्पना सहकाराच्या जिल्ह्यात सहज सुचते आणि मलाही ती सुरुवातीला आवडते. पण लायसन्स सीरियल नंबरला बांधलेलं. शिवाय एका संस्थेतून परत आलेल्या बॉक्समध्ये तिचे पासवर्ड आणि व्हीपीएनच्या किल्ल्या राहिल्या, तर दुसऱ्या संस्थेला मदत करताना पहिलीचं दार उघडं पडतं. प्रत्येक वेळी बॉक्स पूर्ण पुसला जाईल आणि त्यावर दोघांची सही होईल अशी शिस्त नसेल, तर ही भागीदारी नकोच.

तिसरा पर्याय मला या जिल्ह्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. दोन नेटवर्क कार्डं असलेला साधा जुना संगणक, त्यावर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स यांच्यासारखी मोफत प्रणाली, आणि मोजके नियम: बाहेरून आत काहीच नाही, आतून बाहेर गरजेपुरतं, आणि शाखांचा व्हीपीएन. त्यात कंपनीच्या बॉक्सइतकी तपासणी नसेल, व्हायरस गाळण्याची सोय नसेल. कोणी म्हणेल, निम्मी सुरक्षा ही फसवी सुरक्षा. पण त्याची तुलना कंपनीच्या बॉक्सशी करून चालणार नाही, कारण त्या दिवशी कंपनीचा बॉक्स बंद असणार आहे. तुलना डायरेक्ट लावलेल्या वायरीशी आहे. एक अट मात्र पाळावी लागेल: हा राखीव संगणक वर्षातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी, खरोखर जोडून पाहायला हवा. कधीच न चालवलेल्या यंत्राचा सेलही गेलेला असतो आणि पासवर्डही कोणाला आठवत नसतो.

उरतो तो अधिकाराचा प्रश्न. डिस्कचा संदेश सोमवारी सकाळी दिसला तर बदली त्याच रात्री करायची की रविवारपर्यंत थांबायचं? महाविद्यालयात परीक्षा चालू असेल, कारखान्यात गाळप असेल, बँकेच्या शाखेत जुलैचा शेवटचा आठवडा असेल आणि खरीप पीकविम्याच्या मुदतीआधी शेतकऱ्यांची झुंबड असेल, तर थांबायचा मोह होणारच. व्यवस्थापक म्हणेल, चार दिवस काढू. तंत्रज्ञ म्हणेल, चार तासांचीही हमी देता येत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. मी अशा वेळी तंत्रज्ञाच्या बाजूने, पण रात्रीच्या वेळेला कौल देईन: डिस्कचा संदेश आला की काउंटर बंद झाल्यावर त्याच संध्याकाळी राखीव संगणक जोडायचा, जुना बॉक्स चालू स्थितीतच वेगळा काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवहार तपासून मगच तो बंद करायचा. हा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे संचालक मंडळाच्या ठरावात नावानिशी लिहिलेलं असावं, आणि त्या नावाची व्यक्ती रजेवर असेल तर पुढचं नावही. बहुतेक संस्थांत हा ठराव नाही. तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेता येईल, त्याला एक रुपयाही खर्च नाही.